‘आमचं काही नाही हो, पण…’ हा सीन शॉर्ट फिल्ममध्ये कसा शूट करायचा

ठाणे-नवी मुंबईत सध्या कोणी ना कोणी शॉर्ट फिल्म करतच असतं, कॉलेजची पोरं, एकांकिकावाले ग्रुप, आयटीत नोकरी करून शनिवार-रविवार शूट करणारे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना भेदभावावर काहीतरी करायचं असतं. रंगावरून, चेहऱ्यावरून, आडनावावरून. विषय घेतात याचं मला मनापासून कौतुक आहे. पण स्क्रिप्ट वाचायला आली की बहुतेक वेळा तेच, एक दुष्ट घरमालक, तो ओरडतो, मुलगी रडते, शेवटी काळ्या स्क्रीनवर संदेश. बघणारा म्हणतो काय नालायक माणूस आहे, आपण बाबा असे नाही, आणि मोकळा होतो. ज्याला अस्वस्थ करायचं होतं तोच सगळ्यात निवांत घरी गेला.

आपल्याकडे हे ओरडून होत नाही ना. फार गोडीत होतं. पाणी विचारतात, बसा म्हणतात, आणि घर देत नाहीत. ही गोडी कॅमेऱ्यात पकडता आली तर फिल्म जमली, नाही पकडता आली तर कितीही महागडा कॅमेरा भाड्याने आणा, काही होणार नाही. खाली जे लिहिलंय ते एवढ्या एका सीनबद्दल आहे, पूर्ण फिल्म कशी करायची त्याबद्दल नाही.

आधी एक जुनी फिल्म बघून घ्या

अमेरिकन दिग्दर्शक जॉन कॅसावेट्सची ‘शॅडोज’, १९५९ ची. अमेरिकेतल्या स्वतंत्र सिनेमाचा विषय निघाला की हिचं नाव सुरुवातीलाच घेतात. न्यूयॉर्कमध्ये, १६ एमएमवर, ब्लॅक अँड व्हाइट, स्टुडिओचा पैसा नाही, कॅसावेट्सने रेडिओवरच्या एका रात्रीच्या कार्यक्रमात जाऊन ऐकणाऱ्यांना सांगितलं की अशी फिल्म बघायची असेल तर पैसे पाठवा, आणि लोकांनी पाठवले. गोष्ट तीन भावंडांची आहे, तिघंही कृष्णवर्णीय घरातले, पण मोठा ह्यू रंगाने गडद आणि धाकटे बेन आणि लेलिया इतके उजळ की बाहेरच्यांना ते गोरेच वाटतात. टोनी नावाचा गोरा मुलगा लेलियाच्या प्रेमात पडतो. तो तिच्या घरी आलेला असताना ह्यू येतो आणि हा माझा भाऊ अशी ओळख होते.

इथे थांबून तो भाग पुन्हा पुन्हा बघा. टोनी शिवी देत नाही, आवाज चढवत नाही. त्याचा चेहरा फक्त जरा सैरभैर होतो, आणि मग त्याला अचानक कुठेतरी जायचं असतं, भेट ठरलेली असते, निघायला हवं. बस एवढंच. ह्यूला त्या क्षणी सगळं कळतं, लेलियाला कळतं, आणि बघणाऱ्यालाही, कारण ‘अरे एक काम आठवलं’ हे आपण सगळ्यांनी कधीतरी ऐकलेलं असतं, नाहीतर म्हटलेलं असतं. न्यूयॉर्कचा टोनी आणि खारघरची घरमालकीण यांच्यात मला काडीचा फरक दिसत नाही. प्रसंग त्यांचा आहे, अमेरिकेतल्या वर्णभेदाचा इतिहास त्यांचा आहे, तो उचलून इथे चिकटवायचा नाही, पण माणूस अवघडतो कसा आणि अवघडलेपण लपवायला सभ्यपणा कसा वापरतो, ते तिथून शिकायचं.

फिल्मच्या शेवटी पाटी येते की तुम्ही आत्ता बघितलं ते इम्प्रोव्हायजेशन होतं, म्हणजे न लिहिता नटांनी तिथल्या तिथे सुचवलेलं. ती वाचून आपल्याकडचे लोक स्क्रिप्टच लिहीत नाहीत. असं करू नका. १९५८ मध्ये या फिल्मची पहिली आवृत्ती लोकांना दाखवली, ती जमली नव्हती, मग कॅसावेट्सने पुन्हा शूटिंग केलं आणि दुसऱ्या आवृत्तीतले बरेचसे सीन रीतसर लिहिलेले होते.

आता सीन लिहूया

उदाहरण म्हणून एक घेतो. खारघरमध्ये वन बीएचके बघायला एक मुलगी आलीय, नर्स आहे, मिझोरामची. उगाच काढलेलं उदाहरण नाही, खारघरला टाटाचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर हॉस्पिटल आहे, आजूबाजूला हॉस्पिटलं आहेत, वाशीला स्टेशनजवळ ईशान्येकडच्या राज्यांची भवनं आहेत, म्हणजे हे चेहरे नवी मुंबईला रोजचे आहेत आणि तरी रिक्षावाला ‘कौनसे देश से’ विचारतो. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपतनगरला अरुणाचलचा निडो तानिया हा विद्यार्थी अशाच टवाळीतून झालेल्या मारहाणीनंतर गेला, मग केंद्राने ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी बघायला बेझबरुआ समिती नेमली. घर नाकारणं आणि जीव जाणं एक नाही, हे मलाही कळतं. पण सुरुवात त्याच बघण्यातून होते, म्हणून तो बघण्याचा क्षण एवढा महत्त्वाचा.

पहिलं काम, ‘नॉर्थईस्टची मुलगी’ असं लिहू नका. ती आयझॉलची आहे का, घरात मिझो बोलतात का, इथे किती वर्षं आहे, मराठी येतं का, रविवारी कुठल्या चर्चला जाते, हे ठरवा. आपण तिला रिनी म्हणू. रिनी इथे बरीच वर्षं आहे आणि तिला मराठी चांगलं कळतं.

आणि इथेच बहुतेक लेखक घसरतात. घरमालकीण काकू तिच्यासमोर मराठीत ब्रोकरला काहीबाही सांगणार, आणि शेवटी रिनी फाडकन म्हणणार, ‘काकू, मला मराठी येतं.’ टाळ्या! पण टाळ्या वाजल्या की प्रेक्षक सुटला, हिशोब फिटला, अन्यायाचं उत्तर मिळालं. त्याऐवजी हे करा, फ्लॅटच्या आधी एक छोटासा सीन टाका ज्यात रिनी भाजीवाल्या मावशींशी मराठीत घासाघीस करते, ‘मावशी, कोथिंबीर द्या ना वरती थोडी,’ एवढंच. आता प्रेक्षकाला माहितीय की तिला सगळं कळतं, काकूंना माहिती नाही, आणि रिनी ते शेवटपर्यंत सांगत नाही. काकूंचं एकेक वाक्य प्रेक्षकाला तिच्या कानांनी ऐकावं लागतं.

सीन साधारण असा:

काकू दार उघडतात. फोनवर बोलणं झालेलं आहे, आवाजात उत्साह आहे. ‘या या…’ आणि रिनीकडे बघून दुसरं ‘या’ जरा खाली येतं. मग त्या ब्रोकरकडे बघतात.
‘ह्या का?’
‘हो काकू. हॉस्पिटलला नर्स आहेत. डिपॉझिट आजच्या आज देतायत.’
‘अच्छा, अच्छा. बसा ना. पानी लोगे?’
पाणी येतं. काकू बसतात, पण टेकून नाही.
‘नर्स म्हणजे… ह्यांना विचार ना रे, आमच्या ह्यांची फास्टिंग एकशे साठ आलीय. काळजीचं आहे का?’
रिनी हिंदीत नीट सांगते, जेवण काय, गोळी कधी, पुन्हा कधी तपासायचं, डॉक्टरांना दाखवा. काकू मान हलवत ऐकतात, अगदी मनापासून. मग ब्रोकरला:
‘हुशार आहे रे मुलगी. आमचं काही नाही हो, पण सोसायटीत सगळे फॅमिलीवाले. कमिटी फार कटकट करते.’
‘काकू, काल तर तुम्हीच म्हणालात बॅचलर चालेल.’
‘हो, पण रात्री ह्यांच्याशी बोलले ना मी. कळवते तुला.’

शुगरचा प्रश्न मुद्दाम घातलाय. काकू तिला अडाणी समजत नाहीत, उलट तिच्या शिक्षणावर विश्वास आहे, नवऱ्याच्या तब्येतीसाठी तिचा सल्ला चालतो, फक्त अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट चालत नाही. तिरस्कार असता तर सोपं होतं. इथे आदर आहे, माया पण आहे थोडी, आणि तरी दार बंद आहे. तुमच्या सीनमध्ये अशी एक देवाणघेवाण शोधाच, जिथे समोरच्याकडून काहीतरी घेतलं जातंय आणि त्याच बैठकीत त्याला नाही म्हटलं जातंय.

अजून एक बघा, काकू रिनीशी जवळजवळ बोलतच नाहीत, तिच्याबद्दल ब्रोकरशी बोलतात. ‘ह्यांना विचार.’ दोन फुटांवर बसलेल्या माणसाला तिसऱ्यामार्फत विचारायचं. हे आपल्या घराघरात चालतं आणि संवाद लिहिताना कोणी वापरत नाही.

नकाराची वाक्यं गोळा करा. ‘कळवते तुम्हाला.’ ‘मुलाला विचारून सांगतो, त्याच्या नावावर आहे ना.’ ‘तुम्हालाच इथे करमणार नाही.’ ‘नॉनव्हेजचा प्रॉब्लेम नाही हो, वासाचा आहे.’ घोडबंदरला, वाशीला, ऐरोलीला कुठल्याही ब्रोकरसोबत अर्धा तास चहा प्या, तो सांगेल. ब्रोकरला पण पात्र म्हणून नीट लिहा, त्याची ब्रोकरेज जातेय, त्याला वाईटही वाटतंय, आणि त्याला काकूंशी संबंध पण टिकवायचेत कारण त्यांच्याकडे अजून दोन फ्लॅट आहेत. नकार मिळत असताना तो मोबाईलमध्ये बघतो. बघणारे बहुतेक जण खऱ्या आयुष्यात त्या खुर्चीत बसलेले असतात, काकूंच्या नाही आणि रिनीच्या तर नाहीच, म्हणून माझ्या मते सीनमधला सगळ्यात अवघड रोल त्याचा आहे.

विषय जातीचा असेल तर हीच पद्धत लागू पडते, फक्त चेहऱ्याऐवजी प्रश्न येतो. ‘पूर्ण नाव काय तुमचं?’ मग ‘मूळ गाव कुठलं?’ मग एक छोटा ‘हं’. नागराज मंजुळेंची ‘फँड्री’ यासाठी परत बघा, २०१३ ची. त्यातला शाळकरी जब्या घरच्यांसोबत डुक्कर पकडतोय आणि वर्गातली पोरं, गावातले लोक उभं राहून हसतायत, मजा बघतायत. अपमान करणारा एक माणूस तिथे नाहीच, अख्खा जमाव आहे, आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो म्हणजे आपल्याकडे. तुमच्या सीनमध्ये बघे कोण आहेत ते ठरवलंय का? समोरच्या फ्लॅटच्या जाळीच्या दारामागे उभ्या असलेल्या बाई पण चालतील.

एक गोष्ट मात्र मला फार खुपते ती सांगतो. भेदभावावरच्या फिल्ममध्ये कामवाली बाई आगरी बोलते आणि त्यावर हशा घेतात. ऐरोली, घणसोली, चेंदणी कोळीवाडा, हे इथले मूळचे लोक, त्यांच्या जमिनींवर ही शहरं उभी राहिली, आणि आपण त्यांच्या बोलीला विनोदाच्या खात्यात टाकून शेजारच्या सीनमध्ये समतेबद्दल बोलायचं, हे चालणार नाही. आगरी पात्र असेल तर ते डॉक्टर असू दे, कमिटीचा सेक्रेटरी असू दे.

कास्टिंग आणि तालीम

मिझो मुलीचा रोल नेपाळी मुलीला देऊ नका, मणिपुरी मुलीला पण नाही, ‘दिसतात सारखेच’ म्हणून. ज्या नजरेवर फिल्म करताय तीच नजर कास्टिंगमध्ये वापरली तर काय अर्थ आहे. ‘शॅडोज’मध्ये लेलियाचं काम करणारी लेलिया गोल्डोनी सिसिलियन वंशाची होती, कृष्णवर्णीय नव्हती, त्या फिल्मवर प्रेम करणारेही आज हा मुद्दा काढतात आणि तो काढायलाच हवा. शोधायला वेळ द्या, हॉस्पिटलं, कॉलेजं, चर्चचे कॉयर ग्रुप, कोणीतरी भेटतं. आणि तिला पैसे द्या. ‘तुमच्याच विषयावर करतोय’ म्हणून फुकट बोलावू नका.

स्क्रिप्ट तिला आधी पूर्ण द्या. सगळी वाक्यं. काही दिग्दर्शकांना वाटतं की ऐनवेळी समोरच्या नटाला गुपचूप एखादी शिवी द्यायला सांगायची म्हणजे तिच्या चेहऱ्यावर ‘खरी’ रिअ‍ॅक्शन येते. हा अत्याचार आहे, स्पष्ट सांगतो. ती हे खऱ्या आयुष्यात फुकट झेलते, तुमच्या सेटवर तरी तिला माहिती असलं पाहिजे काय येणार आहे ते. ती म्हणाली हे वाक्य असं नाही बोलत लोक, तर बदला, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहितीय.

सरप्राइज द्यायचं असेल तर काकूंना आणि ब्रोकरला द्या. काकूंचं काम करणाऱ्या बाईंना ‘तुम्ही वाईट आहात’ असं अजिबात सांगू नका, नाहीतर पहिल्या टेकपासून भुवया वर जातात. त्यांना एवढंच सांगा, मुलगी न दुखावता बाहेर गेली पाहिजे, आणि तुम्ही चांगल्या आहात हे ब्रोकरला वाटलं पाहिजे. ब्रोकरला बाजूला घेऊन वेगळं सांगा, आज काहीही करून डील करायचीय. मग दोघांना एकमेकांवर सोडा, चार-पाच वेळा वाक्यं स्वतःची बोलू द्या, त्यातलं चांगलं लिहून घ्या आणि स्क्रिप्टमध्ये टाका. प्रायोगिक नाटक केलेल्या काकू मिळाल्या तर उत्तम, गडकरी रंगायतन नाहीतर वाशीच्या भावे नाट्यगृहाच्या आसपास दोन नाटकवाल्यांना विचारा, मिळतात.

शूट करताना

प्रकाशाकडे नीट लक्ष द्या कारण इथे तंत्रसुद्धा भेदभाव करतं. कोडॅकच्या काळात कलर फिल्मचे प्रिंट तपासायला गोऱ्या बाईचा फोटो असलेलं ‘शर्ली कार्ड’ वापरायचे, म्हणजे गोरी त्वचा बरोबर आली की सगळं बरोबर. आता मोबाईलवर शूट करताना पण पांढऱ्या भिंतीसमोर गडद रंगाचा माणूस बसवला की ऑटो एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, भिंतीकडे बघून ठरतं आणि माणूस काळवंडतो. एक्स्पोजर लॉक करा, तेही चेहऱ्यावर. माणसाला भिंतीपासून लांब आणा, भिंतीवर पडणारा उजेड पडदा ओढून कमी करा. गडद त्वचेवर समोरून नुसता भसाभसा लाइट मारून उपयोग नाही, बाजूने मोठा मऊ प्रकाश द्या, खिडकीचा उजेड थर्माकोलच्या शीटवरून वळवला तरी पुरतो, गालावर कपाळावर जी चमक येते तिनेच चेहरा दिसतो. एकाच फ्रेममध्ये गोरा आणि सावळा असतील तर सावळ्या माणसाला खिडकीजवळ बसवा. आणि मेकअप दादांना आधीच सांगून ठेवा, कोणालाही एक शेड उजळ करायचं नाही, सवयीने करतात ते.

कॅमेरा कोणावर ठेवायचा? माझं ठाम मत आहे, जो अवघडलाय त्याच्यावर. आपण सवयीने रिनीच्या डोळ्यांवर क्लोजअप लावतो, पाणी येतंय का बघत बसतो, म्हणजे तिच्या दुःखाचं प्रदर्शन. दार उघडल्यावर पहिले काही सेकंद काकूंच्या चेहऱ्यावर राहा आणि कट म्हणायची घाई करू नका. संवाद संपला तरी कॅमेरा चालू ठेवा, नटांना सांगून ठेवा की मी थांबवेपर्यंत तिथेच राहायचं. पाण्याचा ग्लास उचलून आत नेणं, टीपॉयवरचा पेपर सरळ करणं, असल्या वेळेत खरं काहीतरी घडतं. रिनीला मीडियम शॉटमध्ये, म्हणजे जरा लांबून ठेवा, तिच्या हातात पर्स, फाइल, पाय चपलेत अर्धे.

संगीत टाकू नका. पंखा, शेजारची कुकरची शिट्टी, खाली खेळणारी पोरं, एवढं पुरे. निघताना तिघांपैकी दोघं लिफ्टमध्ये उभे आहेत आणि ‘कृपया दरवाजा बंद करें’ हा रेकॉर्डेड आवाज येतोय, त्यात ब्रोकर म्हणतो ‘मॅडम, कळंबोलीला एक आहे, बघूया?’ इतकं ठीक आहे. खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, सगळे गप्प, पंखा चालू, एडिटला शांतता जोडायला हाच लागतो.

परवानग्यांचं थोडक्यात, फ्लॅटसाठी मालकाची आणि सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी घ्या, सोसायटीच्या नावाची पाटी आणि रहिवाशांच्या नावांचा बोर्ड फ्रेममध्ये येऊ देऊ नका. स्टेशनवर रेल्वेच्या परवानगीशिवाय शूट करू नका.

एडिट आणि दाखवणं

कच्चा कट दोन वेगळ्या ग्रुपना दाखवा. एक तुमच्या ओळखीचे, सोसायटीतले काका-काकू, आणि दुसरा ज्यांच्याबद्दल फिल्म आहे ते. एकत्र नको, एकत्र असले की दोन्हीकडचे सभ्य बोलतात. स्क्रीनकडे बघू नका, माणसांकडे बघा. काकूंवर मोठ्याने हसू येत असेल तर काकू कार्टून झाल्यात, टेक बदला. कोणी म्हणालं ‘तशी त्यांची पण बाजू आहे हो, कमिटी खरंच त्रास देते,’ तर लगेच घाबरून समजावणीचा सीन घालू नका. ते बोलणं बाहेर यावं म्हणूनच फिल्म केलीय, त्यांना बोलू द्या, मग विचारा की कमिटीने नेमकं काय सांगितलं होतं, कधी, कोणाला. बहुतेक वेळा कमिटीला कोणी विचारलेलंच नसतं.

क्लब हाऊसला शो ठेवलात आणि नंतर गप्पा असतील तर रिनीचं काम करणाऱ्या मुलीला स्टेजवर बसवून ‘तुला कधी असा अनुभव आलाय का’ विचारू नका. ती अभिनेत्री म्हणून आलीय, साक्षीदार म्हणून नाही. काकूंचं आणि ब्रोकरचं काम करणाऱ्यांना प्रश्न विचारा. तिला काही सांगायचं असेल तर ती सांगेल.

तिकीट लावून सार्वजनिक शो करायचा असेल तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं. फेस्टिव्हलला पाठवणार असाल, मुंबईत डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्म्ससाठी मिफ आहे, पुण्यात पिफ आहे, तर त्यांचे नियम वाचून मगच यूट्यूबवर टाका, काही ठिकाणी आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत.

यूट्यूबवर टाकताना थंबनेलला रिनीचा रडवेला चेहरा लावू नका, उघडलेलं दार आणि काकू लावा. सबटायटल्स मिझोमध्येही करून घ्या, तिच्या घरचे बघतील, आणि करणाऱ्याचं नाव क्रेडिटला द्या. कमेंट्स ‘आधी तपासून मग दाखवा’ या सेटिंगवर ठेवा आणि पहिला आठवडा टीममधल्या एकाने रोज बसून घाण साफ करायची, ते काम तिच्यावर पडता कामा नये.